तीन चुकांवर अकाउंट लॉक केलं की आपलीच पोरं बाहेर राहतात

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नांदेडच्या एका क्लासचं टेस्ट सिरीजचं पोर्टल तुम्ही सांभाळता, लाराव्हेलमध्ये (वेबसाइट बांधायची तयार चौकट) केलेलं, २३०० पोरं आहेत, युजरनेम म्हणजे रोल नंबर आणि पासवर्ड म्हणजे जन्मतारीख. परवा सकाळी लॉग, म्हणजे लॉगिनच्या नोंदींची फाइल, उघडला तर रात्रीतून ४०,००० वेळा चुकीचा पासवर्ड पडलेला. घाबरून तीन चुकांवर अकाउंट लॉक व्हायची सोय टाकली, आणि रविवारी टेस्टच्या टायमाला तीनशेच्या वर फोन, "सर लॉगिन होईना." आता विचारताय की लॉक काढून कॅप्चा (समोर माणूसच आहे ना ते तपासणारं कोडं) लावू का, की आयपी (नेटवरचा पत्ता) ब्लॉक करू.

मी लातुरात हेच काम चौदा-पंधरा वर्षं करतोय, क्लासेस, कॉलेजं, एक-दोन पतसंस्था. माझ्या मते तुमच्यापुढं दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकात एक मिसळलेत. एक, बाहेरचा माणूस किती वेगानं पासवर्ड ट्राय करू शकतो. दुसरा, त्याला बरोबर पासवर्ड सापडायला मुळात किती ट्राय लागतात. लॉक, कॅप्चा, आयपी ब्लॉक हे सगळं पहिल्या प्रश्नाचं औषध आहे आणि तुमचं खरं दुखणं दुसऱ्यात आहे. नेमकं काय करायचं ते लॉगमध्ये काय सापडतंय यावर थोडं अवलंबून आहे, म्हणून सुरुवात तिथनं करू.

लॉगमधनं तीन आकडे काढा. वेगवेगळे रोल नंबर किती ट्राय झाले, ते किती वेगवेगळ्या आयपीवरनं आले, आणि एका रोल नंबरवर जास्तीत जास्त किती वेळा मारा झाला. ४०,००० ऐकायला लई वाटतं पण रात्री दहा ते सकाळी सहा धरलं तर सेकंदाला दीड पण पडत नाही, सर्व्हरला कळतसुद्धा नाही, साधं मशीन आरामात करतंय हे. म्हणून एकूण आकड्यापेक्षा त्याची वाटणी महत्त्वाची. एकाच अकाउंटवर, बहुतेक करून 'ॲडमिन'वर, हजारो ट्राय असतील तर ती नेहमीची यादी घेऊन केलेली ठोकाठोक आहे. हजारो अकाउंट, प्रत्येकावर एक नाहीतर दोनच ट्राय, आणि रोल नंबर ओळीनं वाढत जाणारे असतील तर तो एकच पासवर्ड सगळ्यांच्या दारावर लावून बघतोय, ह्याला स्प्रेइंग म्हणतात. आणि तुमच्याकडं नसलेले ईमेल, फोन नंबर युजरनेम म्हणून पडलेले दिसले तर दुसऱ्या कुठल्या तरी साइटवरनं फुटलेली यादी तुमच्या फॉर्मवर ओतली जातीय.

एक सांगतो, लॉगमध्ये चुकीचा पासवर्ड सुद्धा लिहून ठेवू नका. मला असे लॉग सापडलेत. पोरानं एक अक्षर चुकवलेलं असतं, म्हणजे तुमच्या फाइलमध्ये जवळजवळ खरा पासवर्ड उघडा पडलेला असतो.

कुणी म्हणेल की यादी घेऊन काय होतंय, जगात पासवर्ड काय कमी आहेत का. पण ट्राय करणारा माणूस जगातले सगळे पासवर्ड ट्राय करतच नाही, तो माणसं काय ठेवतात ते ट्राय करतो. १९८८ चा मॉरिस वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्राम, ४३२ शब्दांची यादी घेऊन फिरत होता. २०१६ मध्ये मिराई बॉटनेटकडं (ताब्यात घेतलेल्या यंत्रांची फौज) तर साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या होत्या, कॅमेरे आणि राउटर कारखान्यातनं येतात तेव्हाचे, आणि तेवढ्यावर लाखो यंत्रं ताब्यात घेतली. यादी छोटी असली तरी चालतंय, लोक बदलत नाहीत हे त्याला माहीत असतं.

आता तुमच्या क्लासचा हिशोब करा, कागद घेऊन खरंच करा. अकरावी, बारावी आणि रिपीटर, म्हणजे पोरं साधारण तीन वर्षांतली. तीन वर्षांचे दिवस १०९५, एखादं लीप वर्ष आलं तर १०९६. म्हणजे तुमच्या पोर्टलवर शक्य असलेले पासवर्ड सगळे मिळून अकराशेच्या आसपास. आणि पोरं २३००. एका तारखेला सरासरी दोन पोरं जन्मलेली आहेत. त्या माणसानं कुठलीही एक तारीख उचलली आणि रोल नंबर एकपासून तेवीसशेपर्यंत प्रत्येकावर फक्त एकदा लावली तरी त्याला सरासरी दोन अकाउंट उघडी मिळतात. प्रत्येक अकाउंटवर चूक एकच. तुमचं तीन चुकांचं लॉक त्याला शिवतच नाही, तो रोज एक तारीख लावून बसला तरी त्याचं काम चालू राहतंय आणि लॉक फक्त त्या पोराला लागतंय ज्याच्या फोनचा कीबोर्ड नीट चालत नाही.

त्यात आपल्याकडं १ जून आहे. आपल्या आधीच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनीच १ जून टाकलेला असतो, गावात निम्म्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी. आताच्या पोरांना जन्मदाखला असतो म्हणून ते कमी झालंय, पण मी बघतो तेव्हा खेड्यातनं आलेल्या याद्यांमध्ये १ जून अजून उठून दिसतो, आणि शिपाई, क्लार्क, शिक्षक यांचे लॉगिन जर तुम्ही जन्मतारखेवरच केले असतील तर तिथं तो भरपूर सापडंल. आपल्या भागातला माणूस असला की पहिली तारीख हीच लावणार.

आणि रात्री ४०,००० ट्राय म्हणजे २३०० पोरांवर सतरा तारखा लावून झाल्या. सतराला दोननं गुणा. तीसेक अकाउंट उघडली असतील असं धरूनच पुढं चला. त्या पोरांच्या प्रोफाइलमध्ये बापाचा मोबाइल नंबर, पत्ता, फोटो, फीची थकबाकी असतंय, आणि "तुमच्या मुलाची फी राहिलीय, या नंबरवर टाका" असा फोन गावात एखाद्या माणसाला आला तर तो ऊस तोडून आणलेले पैसे टाकून मोकळा होतो. ही पोरं बहुतेक अठराच्या आतली आहेत. मला तुमच्या पोर्टलची काळजी वाटतीय ती ह्याच्यामुळं, मार्क कुणी बघितले तर बघू द्या.

आता लॉकबद्दल, कारण हे मी स्वतः करून बसलोय. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजचं ॲडमिशनचं पोर्टल मी केलं होतं, पाच चुकांवर लॉक, आणि लॉक उघडायचं ते ऑफिसातल्या क्लार्कनं. फॉर्मची शेवटची तारीख होती. सकाळी साडेनऊला फोन सुरू झाले. कुणीतरी एक छोटी स्क्रिप्ट लिहून सगळ्या अर्ज क्रमांकांवर पाच-पाच वेळा काहीही टाकलं होतं, त्याला एकाचंही अकाउंट नको होतं, फक्त बंद पाडायचं होतं. चौदाशे अकाउंट लॉक. मी डेटाबेसमधनं एका ओळीत सगळी उघडली आणि दहा मिनिटांत परत सगळी लॉक. अकराला मी ऑफिसात पोचलो तेव्हा काउंटरपाशी उदगीरकडनं एसटीनं आलेला एक माणूस उभा होता, सोबत पोरगी, प्लास्टिकच्या पिशवीत टीसी, मार्कमेमो, जातीचा दाखला, सगळं झेरॉक्ससकट. फॉर्म पूर्ण भरलेला होता, फक्त शेवटचं सबमिट राहिलं होतं. तो मला काही बोलला नाही. पोरगी तेवढं म्हणली, "सर, पासवर्ड तर बरोबरच टाकला होता मी." ते खरं होतं. तिनं एकदाही चुकवला नव्हता. कॉलेजनं नंतर दोन दिवस मुदत वाढवली, पण त्या दिवसापासून मी अकाउंटला कायमचं कुलूप लागेल अशी सोय कुठंही ठेवली नाही. तसं कुलूप म्हणजे रस्त्यावरच्या कुणीही येऊन तुमच्या दारात चुकीची किल्ली पाचदा घालायची आणि घरात जायला बंदी तुम्हाला.

म्हणून लॉक काढा, त्याच्या जागी थांबा लावा. पहिल्या पाच चुकांना काहीच नाही. सहावीला ३० सेकंद, मग एक मिनिट, दोन, पाच, आणि जास्तीत जास्त १५ मिनिटं, त्याच्या पुढं वाढवायचं नाही. १५ मिनिटांवर गेलं की दिवसाला एका अकाउंटवर ९६ ट्रायच होतात. आता हिशोब बघा, पासवर्ड जन्मतारीख असंल तर ९६ नी अकराशे तारखा साडेअकरा दिवसांत संपतात, म्हणजे थांबा लावूनही पोरगं वाचत नाही. पण पासवर्ड नीट असंल तर ९६ म्हणजे काहीच नाही. थांबा आणि चांगला पासवर्ड जोडीनंच चालतात ते ह्याच्यामुळं. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनं २०१७ मध्ये जे नियम काढले त्यात एका अकाउंटवर सलग चुकांची कमाल मर्यादा १०० दिलीय, तीन-पाच नाही, हे ऑडिटवाल्याला दाखवायला उपयोगी पडतंय.

ह्या थांब्यात एक पळवाट पोरांसाठी ठेवायची, आणि ही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे. एखादं पोरगं एकदा बरोबर लॉगिन झालं की त्याच्या ब्राउजरमध्ये सही केलेली एक कुकी (साइटनं ब्राउजरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) टाकून द्या, ह्या फोनवरनं हा रोल नंबर आधी आलेला आहे असं सांगणारी. पुढच्या वेळी ती कुकी घेऊन आलेल्याच्या चुका वेगळ्या मोजायच्या. म्हणजे बाहेरच्यानं त्या रोल नंबरवर कितीही मारा करून थांबा लावला तरी पोराच्या स्वतःच्या फोनवर त्याचा परिणामच होत नाही. ती कुकी लॉगिन करून देत नाही, फक्त रांगेत वेगळी जागा देते. लिहायला एक दुपार लागते. त्या ॲडमिशनच्या दिवशी हे असतं तर ती पोरगी साडेनऊलाच सबमिट करून मोकळी झाली असती.

आता आयपी. आपल्याकडं टँकर येतो तेव्हा घरटी दोन घागरी असा नियम करतात ना, तसा हा नियम आहे, एका आयपीला इतकेच ट्राय. त्याच्यात दोन्हीकडनं गडबड होते. एक घर सहा घरं असल्यासारखं रांगेत सहा जागी उभं राहिलं तर त्याला बारा घागरी मिळतात, तसं मारा करणाऱ्याकडं शेकडो आयपी असतात, भाड्यानं मिळतात, तो प्रत्येकावरनं थोडं थोडं करतो. आणि उलटं, सगळ्या वस्तीला मिळून एकच घर मोजलं तर वस्ती तहानलेली राहते, मोबाइल नेटचं नेमकं तेच आहे. मोबाइल कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना बाहेर एकच आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा) पत्ता दाखवतात. तुमच्या क्लासच्या वायफायवर दीडशे पोरं एकाच आयपीवरनं येतात. रविवारच्या टेस्टला तुम्ही आयपीला दहा चुकांची मर्यादा लावली असती तर लॉकपेक्षा वाईट झालं असतं. आणि आयपीव्ही६ वर, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांवर, पुन्हा वेगळं, तिथं एका फोनला पत्त्यांचा आख्खा गट्ठा मिळतो, तो दर ट्रायला पत्ता बदलू शकतो, म्हणून तिथं पूर्ण पत्ता मोजायचा नाही, पहिले ६४ बिट मोजायचे.

मग आयपीवर काय मोजायचं? मी चुकांची संख्या मोजत नाही, एका आयपीवरनं किती वेगवेगळे रोल नंबर चुकले ते मोजतो. पोरगं चुकलं तर आपलाच नंबर परत परत टाकतं. दहा मिनिटांत एका आयपीवरनं वीस वेगवेगळे नंबर चुकायला लागले की त्या आयपीपुरता कॅप्चा चालू, तुमच्या क्लासच्या वायफायला हा आकडा वाढवून शंभर ठेवा. वीस हा आकडा देवानं दिलेला नाही, तुमच्या साध्या दिवसाचे लॉग बघून ठरवा.

तुम्ही लाराव्हेल वापरताय म्हणून एक नीट सांगतो. त्याच्या तयार लॉगिनमध्ये मिनिटाला पाच ट्रायची मर्यादा आधीपासून असते, आणि बऱ्याच जणांना वाटतं की झालं काम. पण तो मोजतो युजरनेम आणि आयपी दोन्ही जोडून. रोल नंबर बदलला की मोजणी परत शून्यापासून. स्प्रेइंगवाला दर वेळी रोल नंबर बदलतोच, म्हणजे ती मर्यादा त्याला कधीच लागत नाही. म्हणून तुमच्याकडं ४०,००० आरामात गेले. मोजणी तीन ठिकाणी वेगवेगळी पाहिजे, अकाउंटची वेगळी, आयपीची वेगळी, आणि आख्ख्या साइटची वेगळी. साइटची मोजणी म्हणजे दर पाच मिनिटाला एकूण चुका किती, नेहमीच्या पाचपट झाल्या की सगळ्यांना कॅप्चा आणि तुमच्या मोबाइलवर मेसेज. तुम्हाला सकाळी लॉग उघडल्यावर कळलं, ते रात्री सव्वादहाला कळायला पाहिजे होतं.

अजून दोन बारीक गोष्टी, दोन्हीत मी लोकांना फसलेलं बघितलंय. तुमच्या सर्व्हरच्या पुढं प्रॉक्सी किंवा सीडीएन (मधे उभा राहून रिक्वेस्ट पुढं पाठवणारा सर्व्हर) असंल तर खरा आयपी 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' ह्या हेडरमधनं येतो, आणि तो हेडर कुणीही हातानं लिहून पाठवू शकतो. सेटिंगमध्ये सगळ्या प्रॉक्सींवर विश्वास असं चांदणी (*) टाकून ठेवलं असंल तर मारा करणारा दर वेळी नवा खोटा आयपी लिहील आणि तुमची मोजणी कचरा. तुमच्याच प्रॉक्सीचा पत्ता तिथं लिहा. दुसरं, मोजणी वाढवणं आणि तपासणं एकाच झटक्यात व्हायला पाहिजे, आधी वाचलं मग वाढवलं असं केलं तर एकाच क्षणी शंभर रिक्वेस्ट आल्या की शंभरही "अजून चारच झालेत" असं वाचून आत जातात. २०१९ मध्ये लक्ष्मण मुथैया या आपल्याकडच्या संशोधकानं इन्स्टाग्रामच्या पासवर्ड रिसेटमध्ये हेच दाखवलं, हजार आयपीवरनं एकदम रिक्वेस्ट सोडून दोन लाख कोड ट्राय करून दाखवले आणि ३०,००० डॉलरचं बक्षीस मिळवलं. इन्स्टाग्रामला मर्यादा होती, पण अशी. तुम्ही रेडिस (मेमरीत आकडे ठेवणारा डेटाबेस) वापरत असाल तर त्याची वाढवायची कमांड हे एका झटक्यातच करते, तीच वापरा.

कॅप्चाबद्दल माझं मत, पहिल्या ट्रायला लावू नका. आठ हजाराचा फोन, गावात नेटवर्कची एक कांडी, त्यात झेब्रा क्रॉसिंग ओळखायचं, पोरगं टेस्टची पाच मिनिटं तिथंच घालवतं. आणि मारा करणारा पैसे देऊन माणसांकडनं कॅप्चा सोडवून घेऊ शकतो, तो धंदाच आहे. कॅप्चा त्याचा खर्च वाढवतो, दार बंद करत नाही. शंका आली तेव्हाच दाखवा.

आता मुख्य काम, पासवर्ड. जन्मतारीख ह्याच आठवड्यात बंद करा. प्रत्येक पोराला आठ अक्षरांचा रँडम पासवर्ड काढा, शून्य आणि ओ, एक आणि एल असली गोंधळाची अक्षरं वगळून तीसेक चिन्हं राहतात, त्यातनं आठ म्हणजे ६५ हजार कोटींच्या वर शक्यता होतात. हजेरीच्या वेळी चिठ्ठीवर छापून हातात द्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकू नका, हे मी बघितलंय म्हणून सांगतोय. पहिल्या लॉगिनला बदलायला लावा.

पण बदलायला लावलं की निम्मी पोरं १२३४५६ ठेवणार. २००९ च्या डिसेंबरमध्ये रॉकयू नावाच्या साइटचे ३ कोटी २० लाख पासवर्ड उघडे सापडले, त्यात एक नंबरला हाच होता, आणि पोरं अजून तिथंच आहेत. म्हणून नको असलेल्यांची यादी लावा. ट्रॉय हंट यांच्या 'हॅव आय बीन पोन्ड'वर फुटलेल्या पासवर्डांची सोय फुकट आहे, पासवर्डाच्या हॅशची (पासवर्डावरनं काढलेला, उलटा न फिरणारा ठसा) पहिली पाच अक्षरं पाठवायची, ते जुळणारे सगळे परत देतात, जुळवणी तुमच्याच सर्व्हरवर होते, पूर्ण पासवर्ड बाहेर जात नाही. त्यात आपली गावठी यादी जोडा, कारण आपली पोरं काय ठेवतात ते परदेशातल्या यादीत पूर्ण येत नाही. गावाचं नाव आणि पुढं १२३, क्लासचं नाव, शिवाजी आणि १६३०, स्वतःचा मोबाइल नंबर, रोल नंबर, आणि अर्थात स्वतःची जन्मतारीख, उलटी-सुलटी सगळ्या प्रकारे. एक कॅपिटल, एक चिन्ह, एक आकडा पाहिजेच असली सक्ती करू नका, त्यातनं फक्त 'नांदेड ॲट १२३' तयार होतं. आणि दर तीन महिन्याला बदला हे पण नको, निस्टनं पण ते काढून टाकलंय.

काही पोरं मराठीत पासवर्ड ठेवतात, देवनागरीत, आणि कल्पना चांगली वाटते, पण सांभाळून. बीक्रिप्ट (पासवर्ड साठवताना त्याचा हॅश काढायची पद्धत) फक्त पहिले ७२ बाइट बघतो आणि देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं, काना-मात्रा पण वेगळे धरून. म्हणजे २४ चिन्हांच्या पुढं काहीही लिहिलं तरी त्याला फरक कळत नाही. त्याहून त्रासाचं म्हणजे 'ॲ' हे अक्षर काही कीबोर्ड एकच चिन्ह म्हणून टाकतात आणि काही अ वर चंद्र देऊन, दिसायला सारखं, आतनं वेगळं. फोनवर ठेवलेला पासवर्ड क्लासच्या कॉम्प्युटरवर चुकतो आणि पोराला कळत नाही का ते. मी पोरांना सांगतो की चार असंबद्ध मराठी शब्द घ्या पण इंग्रजी अक्षरांत लिहा.

खऱ्या पोरांच्या चुका कमी करणं हा पण बचावच आहे, कारण चुकांचा कोलाहल कमी झाला की मारा उठून दिसतो. फोनचा कीबोर्ड रोल नंबरचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो आणि शेवटी स्पेस टाकतो, ते सर्व्हरवर कापून टाका. पासवर्ड दिसायला डोळ्याचं बटण द्या, पेस्ट बंद करू नका. एका पोर्टलवर मी एवढंच केलं होतं आणि टेस्टच्या दिवशीच्या फोनांची संख्या डोळ्याला दिसण्याइतकी उतरली.

चुकीचा मेसेज एकच ठेवा, "रोल नंबर किंवा पासवर्ड चुकला." रोल नंबरच नसंल तरी हॅश तपासल्याइतका वेळ घालवा, नाहीतर उत्तर लवकर आलं यावरनंच त्याला कळतंय की हा नंबर अस्तित्वात नाही. थांबा पण नसलेल्या नंबरांना तसाच लागू द्या. आणि मोजणी हॅशच्या आधी करा, बीक्रिप्ट मुद्दाम हळू केलेला आहे, अडवायच्या रिक्वेस्टसाठी तो चालवत बसलात तर सर्व्हरच झोपंल.

पुढचं दार नीट केलं की माणूस मागच्या दारानं येतो, ते 'पासवर्ड विसरलात'. चार आकडी ओटीपी म्हणजे फक्त दहा हजार शक्यता. २०१६ मध्ये आनंद प्रकाश यांनी फेसबुकच्या बीटा साइटवर दाखवलं होतं की मुख्य साइटवर मर्यादा आहे पण बीटावर सहा आकडी कोडाला मर्यादाच नाही, म्हणजे कुणाचंही अकाउंट. सहा आकडे ठेवा, एका कोडाला पाचच ट्राय, मग कोड रद्द, दहा मिनिटांत मुदत संपली पाहिजे, आणि एका नंबरला दिवसाला किती एसएमएस जातील ते पण बांधा नाहीतर कुणीतरी बटण दाबत बसलं की बिल तुमच्यावर. ॲपसाठी वेगळी एपीआय (ॲप सर्व्हरशी बोलतं ती वाट) असंल, जुनं लॉगिन पान कुठं राहिलं असंल, तिथंही हीच मोजणी पाहिजे. क्लासचा ब्लॉग वर्डप्रेसवर असंल तर त्याची एक्सएमएल-आरपीसीची फाइल बंद करा, ती पण लॉगिनचंच एक दार आहे.

ॲडमिन, क्लार्क, शिक्षक यांना ऑथेंटिकेटर ॲपचा दुसरा टप्पा सक्तीचा. पोरांना नको, त्यांना जमणार नाही आणि गरजही नाही, पण एका क्लार्कच्या लॉगिनमधनं २३०० पोरं दिसतात.

आता आजच्या आज काय. आधी त्या रात्री चुकीनंतर बरोबर लॉगिन झालेले सगळे शोधा, विशेषतः ज्या आयपीवरनं मारा झाला त्याच आयपीवरनं. त्या पोरांची चालू सेशन तोडा, पासवर्ड बदला, आणि घरी फोन करा, मेसेज नको, फोन करा, की फी मागणारा कुठलाही फोन आला तर आधी क्लासला विचारा. अकाउंट उघडलेली सापडली तर सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणं कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं असतंय आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, क्लासच्या सरांना हे तुम्हीच सांगा, ते कळवू नको म्हणतील तरी सांगा. मग लॉक काढून थांबा, कुकी आणि तीन मोजण्या, ते दोन दिवसाचं काम आहे. पासवर्डाच्या चिठ्ठ्या पुढच्या रविवारच्या आत वाटून झाल्या पाहिजेत.

लॉगमधले ते तीन आकडे काढले की मला पाठवा, रोल नंबर आणि पोरांची नावं काढून टाकून. वीस आणि शंभर ह्या मर्यादा तुमच्या पोर्टलला किती ठेवायच्या ते त्यावरनं बसून ठरवू.